नकाराची दक्षिणा

या गोष्टीतील नगराची भरभराट सांगणारीने पाहिलेली नाही. त्या नगराच्या जमिनीखाली नेमके काय होते, हेही तिने पाहिलेले नाही. जमिनीच्या वर जे घडले, तेवढेच एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी पडत इथवर आले आहे.

पुष्कळ पिढ्यांपूर्वी एका नदीच्या वळणावर एक नगर होते. तिथला राजा एकदा बोलता बोलता म्हणाला, की पुढेमागे दरबार या नगरात हलवावा. झाले! राजाचे शब्द हवेत विरण्याआधी जमिनीचे भाव चढले. ज्याच्याकडे मोकळी जागा होती त्याने जोते बांधले. ज्याच्याकडे जोते होते त्याने त्यावर मजले चढवले. सरदारांसाठी हवेल्या उठल्या, कारकुनांसाठी चाळी उठल्या. विटा भट्टीतून निघत त्या गरम असतानाच गाडीत पडत.

पुढे राजाने खरोखरच दरबार हलवला. पण तो दुसऱ्याच नगरात.

मग भाव उतरले नाहीत, कोसळले. गवंडी नव्या राजधानीकडे निघून गेले. हवेल्यांच्या मालकांनी दारांना कुलपे घातली आणि ते भाव परत येण्याची वाट पाहत बसले. ते विकतही नव्हते आणि राहतही नव्हते. अर्धवट भिंतींच्या सांध्यांत पिंपळ रुजले.

त्या नगरात एक रंगारीण राहत असे. ती कापडाला नीळ चढवी. रंगाच्या पिंपात हात घालून घालून तिचे हात कोपरापर्यंत निळे झाले होते. ते कितीही धुतले तरी निळेच राहत. तिचा नवरा वारला होता, मूल नव्हते, आणि राहते छप्पर भाड्याचे होते. तिची मनगटे दुखू लागली होती. ओले कापड पिळताना तिला कळ येई आणि ती दात आवळून ती गिळत असे.

तिला दोन खोल्या हव्या होत्या, स्वतःच्या. एक राहण्यासाठी, दुसरी भाड्याने देण्यासाठी. मनगटे थकतील तेव्हा त्या भाड्यावर चूल पेटावी, एवढाच तिचा हिशेब होता. गाठीला होते त्यात मात्र एक खोलीही धड होत नव्हती.

तिची जाऊ लांबच्या गावी राहत असे. वर्षातून एकदा ती येई, आणि दर वेळी तेच बोले.

"या की आमच्याकडे कायमच्या. ओसरीवर खाट टाकू. जरा दळणकांडण केलेत, पोरे सांभाळलीत, की दिवस कसा गेला तुम्हांला कळणारही नाही."

"मला नाही कळणार, जाऊबाई, माझ्या मनगटांना कळेल."

"हात निळे झाले, जीभ तेवढी काळी राहिली," जाऊ म्हणे, आणि जाताना कापडाचा एक तुकडा फुकट घेऊन जाई.

त्या ओसरीवरच्या खाटेची रंगारिणीला धास्ती होती.

नगरात त्या काळी एक रीत होती. मोठी पेढी असो वा लहान, तिच्या मालकीचे वाटे पाडलेले असत. ज्याने वाटा घेतला तो वाटेकरी झाला. पेढीला नफा झाला, तर पाडव्याला त्याचा हिस्सा त्याला मिळे. बाजाराच्या दिवशी सराफकट्ट्यावर हे वाटे विकले आणि घेतले जात. एक सराफ दलालीवर हे काम करी. त्याने रंगारिणीला गाठले.

"अक्का, गाडग्यात पुरलेला पैसा वाढत नाही. माती परीक्षणाच्या पेढीचे वाटे घ्या. तेजीत यांसाठी लोकांनी माझ्या पायऱ्या झिजवल्या होत्या. आज ज्वारीच्या भावात देतो."

"स्वस्त आहेत, हे कळले. का स्वस्त आहेत, शेठ?"

"मंदी आहे म्हणून."

"मंदी तर सगळ्यांनाच आहे. मग बाकीच्या पेढ्यांहून ही आणखी स्वस्त का?"

"कारण लोक मूर्ख आहेत."

"तेजीत घेणारे, की आता न घेणारे?"

सराफ मान हलवत हसला. "तुमच्याशी सौदा करणे म्हणजे निवडुंगाला मिठी मारणे आहे, अक्का."

ती पेढी काय करी, हे सांगायला हवे. ती दगड घडवत नसे, विटा भाजत नसे, भिंती उभारत नसे. बांधणाऱ्याच्या जागेवर ती खड्डा घेई, मातीचे थर पाही, आणि पाया किती खोल न्यावा हे सांगे. कधी कधी ती सांगे, की इथे बांधूच नका. कारण त्या नगरात जागोजागी काळी माती होती. ती पावसात फुगे आणि उन्हाळ्यात भेगाळे, आणि तिच्यावर उभी असलेली भिंत तिच्याबरोबर हले.

असा सल्ला देणाऱ्या पेढ्या नगरात बऱ्याच होत्या. परीक्षकाची दक्षिणा पायाभरणीच्या मुहूर्तावर द्यावी, अशी जुनी चाल होती. परीक्षक ‘बांधा’ म्हणाला, तर मुहूर्त होई आणि दक्षिणा मिळे. ‘बांधू नका’ म्हणाला, तर मुहूर्तच होत नसे. त्याला नारळ देऊन वाटेला लावत. साहजिकच त्या नगरात वाईट जमीन फारशी आढळत नसे.

या एका लहान पेढीने ती चाल मोडली होती. तिची दक्षिणा खड्डा घेण्यापूर्वी द्यावी लागे, आणि उत्तर काहीही आले तरी ती तेवढीच असे. लोक तिला थट्टेने ‘नकारपेढी’ म्हणत. पदरचे पैसे देऊन ‘नाही’ ऐकायला कोण जाणार?

रंगारीण सराफाच्या शब्दावर विसंबली नाही. ती पेढीवर गेली. तिथे दोघे भागीदार होते: एक थोरला, ज्याने पेढी काढली होती, आणि एक धाकटा, जो त्याच्या हाताखाली शिकून तयार झाला होता. थोरला पहारेला धार लावत बसला होता.

"तुमच्या सल्ल्याने किती घरे उभी राहिली, ते शेठनी सांगितले," ती म्हणाली. "किती उभी राहिली नाहीत?"

"हे आजवर कोणी विचारले नाही, बाई."

"मी विचारते आहे."

"न बांधलेल्या घराला उंबरा नसतो. तुम्हांला नेऊन दाखवू काय?"

"मग मी विश्वास कशावर ठेवू?"

"माझ्यावर तर ठेवूच नका," थोरला म्हणाला. "नगरात फिरा. मंदी आहे. भिंती लिंपायला कोणापाशी पैसा नाही."

या बोलण्याचा अर्थ तिला गल्लीबोळांतून हिंडताना कळला. तेजीत प्रत्येक भेगेवर लगोलग गिलावा चढत असे, आणि घर विकले जाईपर्यंत ते नवेकोरे दिसे. आता घरे रिकामी होती आणि भिंती जशा होत्या तशा उघड्या पडल्या होत्या. तो सारा उन्हाळा कामातून सवड मिळेल तशी ती हिंडली. प्रत्येक कुलूपबंद दाराशी थांबून ती राखणदाराला विचारी, की या घराचा पाया कोणत्या पेढीने पाहिला होता. काही राखणदारांना ती वेडी वाटली. एकाने विचारले, "घर घ्यायचे आहे का, अक्का?" ती म्हणाली, "नाही. घराचे दुखणे बघायचे आहे."

इतर पेढ्यांनी पाहिलेल्या घरांना भेगा होत्या. काहींत बोट जाई, काहींत पालींनी बिऱ्हाड केले होते. नकारपेढीने पाहिलेली घरे थोडी होती, पण ती सरळ उभी होती. त्यांत एकच घर निघाले, ज्याची मागची भिंत कललेली होती.

रंगारीण परत पेढीवर गेली आणि त्या घराबद्दल तिने विचारले. सबब ऐकायची तिने तयारी ठेवली होती.

"ते माझे चुकले," थोरला म्हणाला. "तिथे कोणे काळी बुजवलेली विहीर होती. मी खड्डा तिच्या काठावर घेतला. दोन हात सरकून घेतला असता, तर कळले असते."

या उत्तरानंतर तिने वाटे घेतले. गाडग्यात होते ते सारे त्यात घातले.

पहिल्या पाडव्याला पेढीने वाटेकऱ्यांना काही दिले नाही. रंगारीण म्हणाली, मंदी आहे, हे ठाऊक असूनच आपण आलो. पुढच्या पाडव्यालाही काही मिळाले नाही. त्या वर्षी तिच्या उजव्या मनगटाला सूज आली, आणि पिळायच्या कामासाठी तिला रोजाने बाई लावावी लागली. वाट्यांचा भाव आणखी खाली गेला.

सराफ भेटला. "आणखी स्वस्त झालेत, अक्का. थोडे अजून घेऊन ठेवायचे का?"

"तुम्ही स्वतः किती घेतलेत, शेठ?"

"मी? मी दलाल आहे. हलवायाने मिठाई खायची नसते."

त्या वर्षी जाऊ आली तेव्हा ‘खाट टाकू’ असे बोलली नाही. ती म्हणाली, "खाट घेतली आहे. सागवानी नाही, पण मजबूत आहे."

मग हळूहळू नगरात पुन्हा हालचाल दिसू लागली. नदीवाटे धान्याचा व्यापार सुरू झाला. एका व्यापाऱ्याला घाटाजवळ कोठारांची ओळ बांधायची होती. तो नकारपेढीवर आला, आधी दक्षिणा द्यावी लागेल हे ऐकले, आणि ‘विचार करून कळवतो’ म्हणून समोरच्या पेढीवर गेला. तिथे त्याला चार दिवसांत ‘बांधा’ असे उत्तर मिळाले.

तेव्हा धाकट्या भागीदाराने वाटेकऱ्यांची सभा बोलावली.

"आपण काही गुन्हा करत नाही," तो म्हणाला. "नगराची जी चाल आहे, तिच्यावर येतो आहोत. दक्षिणा मुहूर्ताला घेऊ, जशी सगळे घेतात. खड्डा तोच, माती तीच, परीक्षा तीच. बदलतो फक्त पैसे घेण्याचा दिवस."

थोरला म्हणाला, "खड्डा तोच राहील. त्यात वाकून पाहणारे डोळे तेच राहतील का, एवढे सांग."

"तात्या, डोळे मिटून उपाशी बसण्यापेक्षा उघडून जेवलेले बरे," मागून कोणीतरी म्हणाले, आणि सभा हसली.

रंगारीण हसली नाही. थोरल्याचे म्हणणे तिला पुरते कळले होते. बहुधा त्या सभेत तिच्याइतके ते कोणालाच कळले नव्हते. ती पेढीत आली होती ती या एका नियमासाठी. पण तिच्या मनगटाला चिंधी बांधलेली होती, आणि लांबच्या एका ओसरीवर एक खाट येऊन पडली होती. तिने मनाशी विचार केला: थोरला सच्चा आहे. माणूस सच्चा असला, की नियम असला काय आणि नसला काय? तो विचार त्या दिवशी तिला फार नेटका वाटला.

सभेत मत देण्याची पद्धत अशी होती, की एका ताटावर रुमाल झाकत. ज्याला मान्य असेल त्याने रुमालाखाली हात घालून सुपारी ठेवावी. ज्याला नसेल त्याने रिकामी मूठ उघडून हात बाहेर काढावा. कोणी काय केले, ते कोणाला दिसू नये.

रुमाल काढला तेव्हा ताट सुपाऱ्यांनी भरलेले होते. त्यांतल्या एका सुपारीला निळा डाग होता.

थोरल्याने ती उचलली, पाहिली आणि पुन्हा ताटात ठेवली.

दोन दिवसांनी तो पेढी सोडून निघाला. रंगारिणीने त्याला वेशीपाशी गाठले.

"तुम्ही का जाता?" ती म्हणाली. "नियम बदलला, तुम्ही तर तेच आहात. माझा तुमच्यावर विश्वास आहे."

"तुमचा आहे, बाई. माझा कधीच नव्हता," थोरला म्हणाला. "पोट रिकामे असले, की मला काळी मातीसुद्धा मुरमासारखी पक्की दिसू लागते. तरुणपणी एकदा दिसली होती. म्हणून तर तो नियम केला होता."

एवढे बोलून तो घाट उतरून गेला. तो पुढे कुठे राहिला, हे नगरात कोणाला कळले नाही.

यानंतर पेढीला दिवस चांगले आले. मंदी ओसरली. पेढीकडे कामे येऊ लागली, मुहूर्त होऊ लागले, पाडव्याला वाटेकऱ्यांना हिस्सा मिळू लागला. वाट्यांचा भाव चढला आणि चढतच राहिला. रंगारिणीने आपले वाटे घाई न करता, भाव पाहून विकले. तिला आता दोन खोल्यांपुरते मिळाले होते. सराफ साऱ्या कट्ट्याला ऐकू जाईल असे म्हणाला, "याला म्हणतात नजर! मंदीत घेतले, तेजीत विकले. शिका जरा अक्काकडून!"

तिने टेकडीच्या बाजूला एक जागा घेतली आणि ती पेढीवर गेली. या वेळी वाटेकरी म्हणून नव्हे, तर बांधणारी म्हणून.

"या, अक्का, या!" धाकट्याने बसायला पाट दिला. "तुमच्यासाठी मी स्वतः येतो."

तो स्वतः आला. त्याने खड्डा घेतला, मातीचे ढेकूळ बोटांनी चुरले, ओले करून पाहिले, आणि घाम पुसत तो वर आला.

"उत्तम जमीन आहे. कमरेइतका पाया पुरे. दोन खोल्या खुशाल बांधा."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

रंगारिणीने विचारले, "आणि जमीन वाईट निघाली असती, तर तू काय म्हणाला असतास?"

"वाईट आहे म्हणालो असतो."

"आणि तुला काय मिळाले असते?"

धाकटा हसायला गेला, पण हसू अर्ध्यावर राहिले. "अक्का, मी तुमच्याशी खोटे बोलेन का? तात्यांनी शिकवले तसेच पाहिले आहे. जमीन खरोखर चांगली आहे."

"असेल," ती म्हणाली. "पण ती चांगली नसती, तरी मला हेच वाक्य ऐकू आले असते. मग हे ऐकून मी काय करू?"

धाकट्याचा चेहरा पडला. तो दुखावला होता हे उघड होते. कदाचित तो खरे बोलत होता. पण ते पारखण्याचा जो एक उपाय नगरात होता, तो सुपारी ठेवून तिनेच मोडला होता. दुसऱ्या पेढीवर जावे, तर तिथे पहिल्यापासून हीच चाल होती. ती स्वतः खड्ड्यात उतरली. पिवळसर माती तिने हातात घेतली. निळीचे पाणी पिकले की कच्चे आहे, हे ती नुसत्या वासावरून सांगू शकत असे. ही माती मात्र तिला काहीही सांगेना.

शेवटी तिने गवंड्याला सांगितले, "कातळ लागेपर्यंत खण."

गवंडी कमरेच्या खाली गेला, छातीच्या खाली गेला, मग दिसेनासा झाला. आतून त्याचा आवाज आला, "अक्का, घर बांधायचे आहे की विहीर पाडायची आहे?"

"तू खण."

कातळ लागला तेव्हा तो खड्डा दगडांनी भरून वर आणावा लागला. त्या दगडांत दुसऱ्या खोलीचे पैसे गेले. जमिनीच्या वर एकच खोली उभी राहिली. दुसरी म्हणायची तर जमिनीखाली पुरली गेली, आणि तिथे भाडेकरू राहत नसतात.

जाऊच्या ओसरीवर रंगारीण कधीच गेली नाही. स्वतःच्या घरात राहिली. पण भाड्यावर पेटायची ती चूल भाड्यावर पेटली नाही. मनगटांना चिंधी गुंडाळून ती रोज सकाळी पिंपापाशी उभी राहत असे. कट्ट्यावर सराफ तिची गोष्ट यशाची गोष्ट म्हणून नव्या गिऱ्हाइकांना सांगे. एकदा तिच्या कानावर ती पडली. ती थांबली नाही.

लहानांनी आणि थोरांनी यातून घ्यायचे ते एवढेच: ज्याच्या ‘नाही’ला मोल उरत नाही, त्याच्या ‘हो’लाही मोल उरत नाही.

टेकडीच्या बाजूची ती खोली त्यानंतर पुष्कळ पावसाळे जागची हलली नाही. तिला कमरेइतकाच पाया पुरला असता की नाही, हे मात्र आजतागायत कोणाला ठाऊक नाही.